पिवळ्या हत्तीची पूर्वपरीक्षा

मनुष्य स्वतःसाठी फारसे काही करीत नाही. त्याचे यच्चयावत उद्योग मुलांसाठी असतात. मुलांसाठी घेतलेल्या रंगीत टीव्हीवर संध्याकाळी बातम्या लागतात. मुलांसाठी काढलेला आमरस मुलांना बाधेल म्हणून वडील संपवतात. मुलाचा पतंग आकाशात असतो तेव्हा दोर बापाच्या हाती आणि चक्री मुलाच्या हाती असते. (चक्री धरणे ही पतंगविद्येची पहिली पायरी होय. पुष्कळ मुले स्वतः बाप होईपर्यंत ती पायरी सोडत नाहीत.) आणि या त्यागाची परमावधी म्हणजे सहल.

सन दोन हजार आठच्या उन्हाळ्यात गोंदियाबाहेर, राइस मिलांची रांग संपते तेथे, 'मौजविहार' नावाचे क्रीडोद्यान उघडले. केशोरीचे माझे शेजारी देवीदासजी यांनी नातवंडांना तेथे नेण्याचे ठरवले. यात्रेकरू पुढीलप्रमाणे: स्वतः देवीदासजी, त्यांच्या पत्नी कलाबाई, चिरंजीव रत्नपाल, जे प्राथमिक शाळेत शिक्षक आहेत, सूनबाई रचना, पाच वर्षांची नात साक्षी, अद्याप काखेतच वास्तव्य असलेला नातू बंटी, आणि सल्लागार या नात्याने मी. निवृत्त संस्कृत शिक्षकाला एरवी कोणी सल्ला विचारत नाही, म्हणून मी तत्काळ होकार दिला.

साक्षीचे मागणे एकच होते. त्या उद्यानात हत्तींचा पाळणा आहे, त्यातले पत्र्याचे हत्ती गोल फिरतात, दांडी ओढली की वर जातात, आणि त्यांत एक हत्ती पिवळा आहे, अशी पक्की वार्ता तिला अंगणवाडीतून मिळाली होती. तिला पिवळ्या हत्तीवर बसायचे होते. गेला महिनाभर ती घरातल्या उखळावर बसून मुसळाची दांडी ओढत होती. परतीची शेवटची बस सायंकाळी पाचची असल्याने एवढा एक विधी त्यापूर्वी उरकणे आवश्यक होते, आणि सकाळी दहालाच आम्ही दारात पोचल्यामुळे वेळेची चणचण भासेल असे कोणासही वाटले नाही.

दारावर मंगरू नावाचे पहारेकरी होते. त्यांनी कलाबाईंच्या थैलीकडे बोट दाखवले.

"बाहेरचं जेवन अंदर नेता येत नाही, बाई."

"काऊन?"

"नियम हाय."

नियमाचा आदर करणे हा आमच्या मंडळींचा स्वभाव आहे. नियम बारकाईने पाहता असे आढळले, की अन्न आत नेण्यास बंदी आहे. अन्न खाल्लेली व्यक्ती आत नेण्यास नाही. सबब तांदळाचे आयते, म्हणजे पातळ धिरडी, वांग्याची भाजी, लोणचे व दिवसभरासाठी केलेल्या अळूवड्या हा सर्व ऐवज दाराच्या सावलीत बसून पोटांत स्थलांतरित करण्यात आला आणि तेथून विनाहरकत आत नेण्यात आला. मंगरूंनीही चार आयते खाऊन नियमाच्या अंमलबजावणीस हातभार लावला.

हत्तींच्या पाळण्यापाशी पाटी होती: 'फक्त बारा वर्षांखालील मुलांसाठी'. साक्षी ती वाचू शकत नव्हती; तरीही पाटीखाली जाऊन ती अशी उभी राहिली, की पाटी तिच्यासाठीच लिहिली आहे हे कोणाच्याही ध्यानात यावे. ती पिवळ्या हत्तीकडे वळणार तोच देवीदासजींनी तिचा दंड धरला.

येथे आमच्या भागातील एक जुनी रीत सांगणे भाग आहे. आमच्याकडे तळी पुष्कळ. तळ्यात डोंगा, म्हणजे खोड पोखरून केलेली नाव, चालतो. डोंग्यात लेकरू बसवण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्याने एक फेरी मारून यावे, आणि तो कोरडा परत आला तरच लेकराला बसवावे, असा देवीदासजींच्या घराण्याचा कडक शिरस्ता आहे. या शिरस्त्यामुळे त्या घराण्यात आजवर एकही लेकरू बुडालेले नाही. (वडीलधारे दोन वेळा बुडाले, परंतु शिरस्ता त्यांच्यासाठी नाही.)

"आबाजी, मी बसू?" साक्षीने विचारले.

"थांब वो बाई. पयले मी पाहून येतो."

पाळणा चालवणारे श्यामलाल हे गोंदिया शहरातले गृहस्थ. ते म्हणाले, "चाचाजी, ये बच्चों का है."

"बच्चों के लिएच तो बैठ रहा हूँ," देवीदासजी उत्तरले. श्यामलाल यांनी कळ दाबली.

देवीदासजी फेरी मारून कोरडे परत आले. परंतु ते निळ्या हत्तीवर बसले होते, आणि निळ्याच्या वर्तनावरून पिवळ्याविषयी अनुमान काढणे धोक्याचे, असे मत मी सल्लागार म्हणून नोंदवले. म्हणून ते पुन्हा बसले. उतरल्यावर त्यांनी सांगितले, की हत्ती वर जातो हे खरे, पण का जातो ते एका फेरीत कळत नाही. म्हणून ते आणखी एकदा बसले.

"तुमचं काय सांगता," कलाबाई म्हणाल्या. "तुमाले तं बैलबंडीत बी झोप लागते. मी बसल्याबिगर पोरीले बसू देनार नाही."

त्यांनी चपला काढल्या, कारण हत्तीवर चप्पल घालून बसणे त्यांना बरे वाटेना. चपला साक्षीकडे देण्यात आल्या. देवीदासजींच्या तिच्याकडे आधीच होत्या.

पुढे रत्नपाल बसले. त्यांचा हेतू निव्वळ शैक्षणिक होता. मुलांना 'वर' आणि 'खाली' या संकल्पना शिकवताना प्रत्यक्ष अनुभव उपयोगी पडतो. हा पाठ पक्का होण्यास बराच वेळ लागला. मग सूनबाई सासऱ्यांना म्हणाल्या, "मामाजी, बंटीले धरा जरासा. आईले भेव लागते का नाही, हे आईनंच पाहाव लागते." त्यांना भेव लागले नाही. लागेल या आशेने त्यांनी पुन्हा पाहिले.

शेवटी सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. (निदान एकाची वळली, ते श्यामलाल होते आणि ते डोके हलवत होते.) वृद्धांचे वचन प्रमाण मानावे, पण वृद्धाने ते वचन अनुभवाशिवाय उच्चारू नये, असे मी आजन्म शिकवत आलो. मी पिवळ्या हत्तीवर आरूढ झालो. त्या आरोहणाविषयी एवढेच सांगतो, की वरून राइस मिला दिसतात, त्यांच्यापलीकडे आगगाडी दिसते, आणि अळूवड्या पुन्हा आठवतात.

आमचे हे कर्तव्यदक्ष वर्तन पाहून इतर कुटुंबांच्या मनातही जबाबदारीची जाणीव जागी झाली. धोतरे खोचून आजे लोक आले, पदर खोचून मावश्या आल्या. 'आपल्या लेकरासाठी एवढं तं करावच लागते' असे एकमेकांना सांगत त्यांनी रांग धरली. दुपारी तीनच्या सुमारास पाळण्यातील प्रवाशांचे सरासरी वय बावन्न होते. मुलांची सोय कडुनिंबाखालच्या ओट्यावर केलेली होती. तेथे ती शिस्तीत बसून चपला, चष्मे, तपकिरीच्या डब्या, एक कवळी व काखेतली तान्ही भावंडे सांभाळत होती. दंगा नाही, रडारड नाही. दंगा जो काय होता तो हत्तींवर होता.

"ये काका, पिवळा आमाले द्या नं," एका आजोबांनी वरून ओरडून सांगितले. "तुमचं दोनदा झालं."

"तपासनी अधुरी हाय," देवीदासजी वरूनच म्हणाले.

साक्षी ओट्यावरून पिवळ्या हत्तीवर लक्ष ठेवून होती. तो समोर आला की ती उठे; त्यावर कोणीतरी मोठे माणूस आहे असे दिसले की खाली बसे. तिच्या भोवती आमच्या पाचही जणांच्या चपलांचे जोड होते, आणि बंटी त्यांतल्या एकावर डोके टेकून झोपला होता.

साडेचारला देवीदासजींनी पाळणा निर्धोक असल्याचे जाहीर केले. साक्षी धावत निघाली. त्याच क्षणी पाळण्याच्या पोटातून जळका वास आला, हत्ती एकेक करून खाली बसले आणि थांबले.

"मोटर बैठ गई," श्यामलाल म्हणाले. "सुबह से पहलवान लोग चढ़े हैं. अब कल."

देवीदासजी पुढे झाले. "मंग तं लयच चांगलं झालं," ते म्हणाले. "आता पडाचा सवालच नाही." आणि त्यांनी साक्षीला उचलून पिवळ्या हत्तीवर बसवले.

सुरक्षिततेचा याहून उत्तम नमुना मी पाहिलेला नाही. साक्षीने दांडी ओढली. मग दोन्ही हातांनी ओढली. मग तिने हत्तीच्या कानात काहीतरी सांगून पाहिले. रत्नपालांनी तेवढ्यात फोटो काढला. तो आज त्यांच्या बैठकीत चौकटीत लावलेला असून त्याखाली 'साक्षीची मौज' असे लिहिले आहे.

बस गाठायला निघताना कलाबाईंनी नातीला जवळ घेतले.

"बसली नं मा हत्तीवर? आता आनखी कधी येशीन?"

साक्षीने त्यांच्या चपला त्यांच्या पायांपाशी नीट जोडीने ठेवल्या आणि शांतपणे सांगितले, "मले लेकरं झाले का मंग येईन. पयले मीच बसन."

शिरस्ता पुढच्या पिढीत उतरल्याचे पाहून देवीदासजींचे डोळे पाणावले. बसमध्ये ते मला म्हणाले, की मुलांना अशा गोष्टी लहानपणीच कळल्या पाहिजेत, आणि गुरुजी, तुम्ही हे त्यांच्यासाठी कुठेतरी लिहून ठेवा.

त्यांच्या सूचनेनुसार ही कथा खास मुलांसाठी लिहिली आहे. आपण ती मुलाच्या हाती देण्याआधी स्वतः वाचून पाहिलीत, हे आपल्या जबाबदार स्वभावास धरूनच झाले. मात्र एका वाचनात सर्व धोके ध्यानात येत नाहीत. आणखी एकदा वाचावी. मूल मघापासून शेजारी उभे असेल, तर तोवर त्याच्याकडे आपला चष्म्याचा डबा धरायला द्यावा.