जोडी तोडायची नाही

धाकट्या काकाचं लग्न ठरून मोडलं आणि सहा महिन्यांनी पुन्हा त्याच मुलीशी ठरलं, त्या वर्षीची ही गोष्ट. काकाच्या निर्णयातून घर जरा सावरतंय तोच चिंगी पदवीधर झाली, आणि आता हिचं पुढे काय, यावर नवी जुंपली.

घरची लॉन्ड्री होती. चिंगीचे आजोबा, म्हणजे अण्णा, पन्नास वर्षं वाफेत उभे राहिलेले. आता दुकान मुलगा बघायचा आणि अण्णांकडे एकच काम उरलं होतं, आलेल्या कपड्यांना नंबराची चिठ्ठी लावणं. पण त्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. कोट आणि पॅन्ट आली की दोन्ही एकाच सेफ्टी पिनेत, वर एकच चिठ्ठी. "जोडी तोडायची नाही," एवढाच त्यांचा कायदा. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाच्या कोटाला परकी पॅन्ट दिली नव्हती.

चिंगीपुढे दोन रस्ते होते. एक दोन वर्षांचं एमबीए, त्याला कामाचा अनुभव लागायचा. दुसरी एक वर्षाची व्यवस्थापनाची पदवी, ती फक्त ज्यांनी कधी नोकरी केली नाही अशांसाठी.

"एक वर्षाचं कर," तिचे बाबा म्हणाले. "लवकर सुटशील, लवकर दुकानात येशील."

"बाबा, मला एमबीएच करायचंय. पण अनुभव कुठून आणू?"

"का? चार वर्षं कॉलेजातून आल्यावर काउंटरवर काय माशा मारत होतीस?"

"मग त्या दुसऱ्या कोर्सला कशी बसणार मी?"

"तिथे नोकरी विचारलीय. तुला मी कधी पगार दिलाय?"

हे मात्र खरं होतं. शेवटी दोन्हीकडे अर्ज करायचं ठरलं. बाबांनी दुकानाच्या कागदावर दोन दाखले लिहिले. पहिल्यात, हिने चार वर्षं आमचा काउंटर समर्थपणे सांभाळला. दुसऱ्यात, हिने आजवर कुठेही नोकरी केलेली नाही. चिंगीने घरी ठेवायला दोन्हींच्या झेरॉक्स काढल्या, सगळे कागद काउंटरवर मांडले आणि अण्णांना म्हणाली, "अण्णा, मी काकाच्या लग्नाच्या हॉलचं बघून येते. तेवढे कागद पाकिटांत घालून कुरिअरवाल्याला द्या ना. अर्ज दोन, पाकिटं दोन."

अण्णांनी चष्मा लावला. त्यांना वाचता यायचं, पण वाचायला दिवस जायचा. त्यांनी आपल्या पद्धतीने पाहिलं. दुकानाचं नाव तेच, मुलगी तीच, तारीख तीच. एक गिऱ्हाईक, एक तारीख, नग दोन. म्हणजे जोडी! आणि अशा जोड्या होत्या बरोबर दोन, एक अस्सल दाखल्यांची, एक झेरॉक्सची. त्यांनी एकेक जोडी सेफ्टी पिनेत अडकवली, सत्तेचाळीस नंबरची चिठ्ठी लावली आणि दोन्ही पाकिटं समाधानाने रवाना केली.

घोळ कळला तो एमबीएवाल्यांचा फोन आला तेव्हा. "उद्या मुलाखतीला या. आणि तुम्ही काम केलंय की नाही, ते घरी एकदा ठरवून या."

बाबांनी कपाळावर हात मारून घेतला. "अण्णा! ती काय कोट-पॅन्ट होती का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आपला एकुलता सूट घालून दारात उभे. "चूक माझी आहे. मी सांगतो त्यांना."

"अण्णा, मुलाखत माझी आहे हो!"

"मी बाहेर बसेन."

बाहेर बसले ते पाच मिनिटं. आत मुख्य प्राध्यापकांनी ती सत्तेचाळीस नंबरची जोडी टेबलावर ठेवून विचारलं, "यातलं खरं कोणतं?"

"दोन्ही," चिंगी म्हणाली. "काम केलंय, सर. नोकरी नाही केली."

"आणि ही पिन?"

तेवढ्यात दार किलकिलं झालं. "ती मी लावली, साहेब. पोरीचा काही दोष नाही." अण्णा हात जोडून पुढे आले आणि मध्येच थबकले. साहेबांच्या कोटावरून त्यांची नजर खाली गेली. पुन्हा वर आली. तोंडातून निघूनच गेलं, "ही पॅन्ट या कोटाची नाही."

चिंगीने डोळे मिटून घेतले. संपलं.

प्राध्यापक खाली बघत राहिले. "वर्ष झालं वापरतोय. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही."

"कुठे देता कपडे?" अण्णांनी अशा स्वरात विचारलं, जसा डॉक्टर विचारतो, आधी कुणाला दाखवलं होतं?

पुढचा अर्धा तास चिंगीला चिठ्ठ्या, नंबर आणि हरवलेल्या कपड्यांवरच प्रश्न आले. तिला सगळी उत्तरं येत होती. नुसती येत कसली, बोटांच्या टोकांवर होती.

त्याच आठवड्यात दोन्हीकडून पत्रं आली. दोन्हीकडे प्रवेश! एका वर्षाच्या कोर्सवाल्यांनी तर मुलाखतही घेतली नाही, नुसतं अभिनंदन.

"म्हणजे यांना काही खटकलं नाही?" चिंगी म्हणाली.

"बरंच झालं की," बाबा खूश झाले. "एका वर्षात मोकळी. इथेच पैसे भर."

अण्णा कोपऱ्यात चिठ्ठ्या कापत होते. मान वर न करता म्हणाले, "डाग न बघता कपडा घेतो, त्याच्याकडे तू कपडे देशील का रे?"

डाग आधी दाखवायचा, मग कपडा घ्यायचा, हे बाबांना याच माणसाने कान धरून शिकवलं होतं. तरी त्यांनी विचारलं, "दोन वर्षं काउंटरवर कोण बसणार?"

"मी आहे की," अण्णा म्हणाले.

आणि बसले. त्या प्राध्यापकांचे कपडेही मग याच दुकानात यायला लागले, आणि अण्णा त्यांची चिठ्ठी स्वतः लावत.

अण्णा गेले ते चिंगीच्या दुसऱ्या वर्षी, मार्चच्या पहिल्या सोमवारी, सकाळी नऊ वाजता, काउंटरवर एका कोट-पॅन्टच्या जोडीला चिठ्ठी लावता लावता.