साळवीकाकांचा गार्ड

साळवीकाका बास्केटबॉलचा खेळाडू कोर्टवर पारखत नाहीत, पंगतीत पारखतात.

आखातातल्या आमच्या करामा वस्तीतल्या हौशी टीमचे ते मॅनेजर, कोच आणि आचारी. हंगाम संपला की लीगमधले सगळे खेळाडू मोकळे होतात. ज्याने त्याने हव्या त्या टीमशी बोलणी करावी. बाकीचे मॅनेजर व्हिडिओ बघतात, उंची विचारतात. काका उमेदवाराला घरी बोलावतात, हॉलमध्ये केळीची पानं मांडून आम्हाला बसवतात आणि त्याच्या हाती वरणाचं भांडं देतात.

"गार्ड म्हणजे वाढपी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "बॉल स्वतःकडे ठेवायचा नसतो, हबीबी. कोणाचं पान रिकामं आहे ते न विचारता दिसलं पाहिजे."

या परीक्षेत भलेभले नापास झालेत. एकाने भाताआधीच तूप वाढलं. काका म्हणाले, "टायमिंग नाही, खलास!" मी टीमचा सेंटर, म्हणजे उंच आणि जागचा न हलणारा. मला त्यांनी कधी वाढायला सांगितलंच नाही.

यंदा गार्डची एक जागा आणि उमेदवार दोन. रोहन अल बर्शाचा, इथेच वाढलेला, लांबून बास्केट करण्यात पटाईत. त्याने पहिल्या चौघांना वरण वाढलं, भांडं खाली ठेवलं आणि स्वतःच जेवायला बसला. काकांनी डोळे वटारले, तर म्हणतो, "अंकल, आय ॲम अ शूटर!"

दुसरा फैजल, रत्नागिरीचा, रास अल खोरच्या एका गोदामात सुपरवायझर. पानावर आडवा हात धरून "नको, नको" म्हणणाऱ्यांपैकी कोणाला खरंच नको आणि कोणाला आग्रह हवा, हे पठ्ठ्याने बरोबर ओळखलं. मला न मागता पुन्हा भात मिळाला. आम्ही मनातल्या मनात त्याला जर्सी घालूनही टाकली.

रोहन निघून गेल्यावर काकांनी जागेसाठी त्याचंच नाव घेतलं.

"काका, डोकं ठिकाणावर आहे ना?" मी विचारलंच.

"फैजलचं नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट जानेवारीत संपतंय, मग तो गावी जाणार. रोहन इथेच राहील." काका पानं गोळा करत बोलत होते. "आतापर्यंतचा प्रत्येक गार्ड मीच एअरपोर्टवर सोडून आलो. जीव लागतो रे. परत येऊन कुकर लावायचीसुद्धा इच्छा होत नाही. जाणारा माणूस आता नको मला."

काकू गेल्यापासून हे घर आमच्या रविवारच्या गोंगाटावर चाललंय, हे आम्हाला ठाऊक होतं. पण काका ते कधी बोलले नव्हते. मला फार वाईट वाटलं.

फैजल अजून स्वयंपाकघरात भांडी विसळत होता. त्याने सगळं ऐकलं. हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "ठीक है काका, टीममध्ये नको. पण जानेवारीपर्यंत रविवारी जेवायला आलो तर चालेल ना?"

काकांनी गोळा केलेली पानं खाली ठेवली. मग एकदम उसळले, "नुसता जेवायला? लाज नाही वाटत? आणि मॅच काय मी खेळू? रोहनला बसू दे बाकावर. रविवारी बूट घेऊन ये, यल्ला, चल!"

काका ओरडत होते आणि खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसत होते. त्यांच्याकडे सरळ बघायची आमच्यापैकी कोणाची हिंमत झाली नाही.