मनीरामजींचा स्लो

मनीरामजींशी बोलायचं म्हणजे त्यांच्या जीपच्या बाजूने चालावं लागे. ते स्टिअरिंगवर, आपण रस्त्यावर, आणि संभाषण चालू. सरपंचांनी एकदा मुलीच्या लग्नाचं आमंत्रण त्यांना चौकापासून तळ्याच्या पाळीपर्यंत धापा टाकत दिलं होतं. जीप थांबली की बंद पडे आणि ढकलल्याशिवाय पुन्हा चालू होत नसे. तिच्या बॅटरीत जीव असल्याचं कोंढ्यात कोणी पाहिलं नव्हतं.

पंचाहत्तर सालच्या सुमारास मी कोंढ्याच्या शाळेत मास्तर म्हणून गेलो आणि त्यांच्याच घरी खोली घेतली. भाडं फारच माफक होतं. का, ते दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीच्या कपड्यांत जीप ढकलताना कळलं.

जीप लष्कराच्या लिलावातली, आतलं इंजिन मोडीत निघालेल्या टॅक्सीचं. ही सोयरीक मनीरामजींनी स्वतः जुळवलेली. पेट्रोलात हवा मिसळणारा कार्बोरेटर इंजिनावर नीट बसेना, म्हणून त्यांनी मधे लोखंडी पट्टी घातली आणि पट्टीखाली जुन्या चपलेच्या तळव्याचं पॅकिंग. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन गावभर ऐकू येई. पाय उचलला की दोन आचके देऊन गप्प. पाय उचलल्यावरही इंजिन हळू, एका लयीत चालू राहायला हवं. त्याला मिस्त्री लोक ‘स्लो’ म्हणतात. तो स्लो बसवणं हे मनीरामजींचं जीवितकार्य होतं. जेवता जेवता उठत आणि खरकट्या हाताने कार्बोरेटरचा स्क्रू थोडा पिळून येत.

पुढे पुढे त्यांना सगळीकडे स्लोच दिसू लागला. रडणारं पोर पाहिलं की म्हणत, “याचा स्लो जास्त आहे, बाई, कमी कर थोडा.” आमच्या तापट हेडमास्तरांविषयी, “माणूस चांगला आहे, पण हवा जास्त घेऊन राहिला.” माझं लग्न जमत नव्हतं, त्यावरही उत्तर तयार. “तुमचा स्लोच बसला नाही, गुरुजी. बायको आली का बसते आपोआप.” स्वतः मात्र चहाचा एक कप बसून पीत नसत.

मला शाळेत सोडताना जीप एका ठिकाणी हटकून बंद पडे, ते म्हणजे सुकरामजींच्या दारासमोर. तिथे मोरीपाशी अवघड वळण होतं, पाय उचलावाच लागे. सुकरामजी हे मनीरामजींचे सख्खे थोरले भाऊ. वडील गेल्यावर धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या हद्दीवरून, दोघांत वाजलं, तेव्हापासून बोलणं बंद. लग्नाच्या पंगतीतही एकमेकांकडे पाठ करून बसत. पण जीप बंद पडली की सुकरामजी धोतर खोचून बाहेर येत आणि माझ्या शेजारी उभे राहून जोर लावत. पुढे स्टिअरिंगवर मनीरामजी सरळ नाकासमोर बघत. मी एकदा आभार मानले, तर सुकरामजी म्हणाले, “दारातली घाण हटवून राहिलो, गुरुजी. दुसरं काही नाही.”

मी पुरता वैतागलो होतो. एका रविवारी भंडाऱ्याचा ओळखीचा मिस्त्रीच घेऊन आलो. मनीरामजी त्याच्याभोवती घिरट्या घालू लागले. “राहू द्या जी, तिची सवयच तशी आहे.” मिस्त्रीने चपलेचा तळवा चिमटीत धरून बाहेर काढला. “हवा इथून ओढून राहिली. स्क्रू पिळून काय होते?” त्याने पट्टी घासून सपाट केली, नवीन पॅकिंग कापलं, नट आवळले. मग आम्ही जीप ढकलून चालू केली आणि त्याने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. जीप चालूच राहिली.

“बसला स्लो,” मी म्हणालो.

“हो. बसला,” मनीरामजी म्हणाले आणि घरात निघून गेले. मिस्त्रीला चहासुद्धा विचारला नाही.

सोमवारी मोरीपाशी जीप बंद पडली नाही. मंगळवारीही नाही. मी शाळेत कोरड्या सदऱ्याने पोहोचलो आणि स्वतःवर खूश होतो.

बुधवारी सकाळी मनीरामजी बोनेट उघडून नुसते उभे होते. त्या माणसाला इतकं स्तब्ध मी कधी पाहिलं नव्हतं.

“गुरुजी, हे पहिल्यासारखं करता येते का?”

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण त्यांनी मान वर केली नाही.

“काल दादा बाहेर येऊन उभा होता. गाडी बंद पडन म्हणून. मी निघून गेलो.”

“मग थांबायचं की. आता गाडी थांबते.”

“थांबून काय बोलू?” ते म्हणाले.

मी पाना घेतला आणि मिस्त्रीने आवळलेले नट एकेक करून सैल केले.

मोरीपाशी जीपने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. सुकरामजी जवळजवळ धावतच आले. जीपला हात लावला, पण ढकलेनात. पुढे ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी मला विचारलं, “दोन दिवस थांबला नाही. राग आला होता का त्याले?”

“नाही,” मी म्हणालो. “गाडी बिघडली होती. आता ठीक आहे.”