श्रीखंडाची उगवण

सुभेदार हंबीरराव फौजेतून निवृत्त होऊन मेढ्याला आले, तेव्हापासून एकही लढाई हरले नव्हते. आता मेढ्यात लढाया होत्या कुठे, हा प्रश्न वेगळा! पण बांधाचा वाद असो नाहीतर म्हशीची खरेदी, सुभेदार छाती काढून म्हणायचे, "आपला एक नंबर फिक्स हाय!"

यावेळी एक नंबर बायकोच्या, शालूबाईंच्या श्रीखंडाला मिळवायचा होता. शिरवळच्या एका मोठ्या कंपनीच्या कॅन्टीनला रोजचं श्रीखंड हवं होतं. तिथले ऋषिराज साहेब घरी येऊन वाटी चाटूनपुसून गेले आणि जाताना म्हणाले, "चव पास! आता तपासणी. तुमच्या सूनबाईंनी करावी, निकाल माझ्यासमोर दाखवावा, मग आमची लॅब बघेल." आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नात फुकट श्रीखंड घोटून शालूबाईंचे दंड भरून आले होते. त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी "रोज किती द्याल?" असं विचारलं होतं. त्या दिवसापासून त्या झोपेतही चक्का टांगत होत्या.

सून रेश्मा शिकलेली. घराच्या पुढच्या खोलीत तिची अन्न तपासायची छोटी लॅब होती. सोमवारी संध्याकाळी तिनं काचेच्या ताटल्या मांडल्या, त्यात श्रीखंडाचा नमुना घातला आणि वर जांभळट लाल, कोमट रस ओतला. बघता बघता रस खरवसासारखा थिजला. शेजारचा कोंडीबाही आपला चक्का घेऊन हजर! त्यालाही तीच ऑर्डर हवी होती.

"माजा बी घाल गं पोरी. हुन जाऊ दे दूध का दूध!"

"हे बघा आबा," रेश्मा सासऱ्यांना म्हणाली, "ह्या मीडियममध्ये, म्हणजे ह्या थिजलेल्या रसात, वाटेल तो जंतू येऊन वाढत नाही. बाकीच्यांना ते दाबून टाकतं. फक्त एका ठराविक गटाला, कोलिफॉर्मला, वाढू देतं. ते असले तर लालभडक ठिपके उठतात. आणि तसे ठिपके उठले की समजायचं—"

तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती बाहेर गेली. समजायचं काय, ते राहूनच गेलं.

पण सुभेदारांना समजावून सांगायची गरज कधी पडलीय? "भरतीच की रं ही, कोंड्या! मैदानात हजार पोरं पळत्यात, घेत्यात मोजकीच. दह्यात चांगलं जंतू असत्यात, टीव्हीवर सांगत्यात न्हवं? त्यातलं निवडक तेवढं वर येणार. ज्याचं ठिपकं जास्त, त्याचा एक नंबर!"

"बिनतोड!" कोंडीबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेश्मा कामासाठी साताऱ्याला निघाली. "संध्याकाळी साहेबांना घेऊनच येते. ताटल्या उबेच्या कपाटात ठेवल्यात. तोवर त्याला हात लावायचा नाही, आबा!"

एसटी वळणावर दिसेनाशी झाली आणि सुभेदारांनी उबेचं कपाट उघडलं. मागून कोंडीबा डोकावत होताच.

कोंडीबाच्या ताटलीत ही लाल टिकल्यांची गर्दी! जणू हळदीकुंकवाला अख्खी आळी लोटलीय. आणि सुभेदारांची ताटली? कोरी करकरीत. एक ठिपका म्हणून नाही.

"सुबेदार," कोंडीबा मिशी पिळत म्हणाला, "तुमचं बियाणंच खराब निघालं वाटतं!" आणि तो नाचतच घरी गेला. दुपारपर्यंत निम्म्या मेढ्याला कोंडीबाच्या टिकल्यांची खबर लागली.

सुभेदार मात्र मटकन बसले. नवरात्रात घटातलं धान उगवलं नाही तर शालूबाई नऊ दिवस धड जेवत नसत. आता त्यांना काय तोंड दाखवायचं? रडून रडून जीव द्यायची बाई! छे! न उगवणाऱ्या रानाला काय लागतं, हे शेतकऱ्याच्या पोराला कुणी शिकवायला नको. गोठ्यामागं जीवामृताचं पिंप होतं. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, सगळं मस्त फसफसलेलं. रुसलेली वांगी त्यानंच धरली होती.

सुभेदारांनी चमचा भरून आणला. ताटलीचं झाकण उचललं. एक थेंब टाकला. एकानं काय होतंय? दुसरा टाकला. म्हशीच्या दुधाचं श्रीखंड हाय, जरा दणकट खुराक पाहिजे, म्हणून उरलेला चमचाही उपडा केला!

संध्याकाळी अंगणात गर्दी मावेना. सुभेदारांनी कोटावर पदकं लावली होती. हलगीवाला सांगून ठेवला होता. शालूबाई नवं लुगडं नेसून दारात उभ्या, हात पदरात, ओठावर देवाचं नाव. साहेब खुर्चीत बसले आणि रेश्मानं कपाट उघडलं.

असा काही वास सुटला की पुढची रांग आपोआप मागं सरली! साहेबांनी नाकाला रुमाल लावला. रेश्मानं आधी कोंडीबाची ताटली काढली. टिकल्याच टिकल्या! कोंडीबा उठून लोकांना नमस्कार करायला लागला. मग तिनं सुभेदारांची काढली. ठिपके कुठले? सगळी ताटली लालजर्द, वर फेस आणि बुडबुडे!

"हाण तिच्यायला!" सुभेदार ओरडले. हलगी कडाडली, टाळ्या पडल्या. शालूबाईंच्या डोळ्यांत आनंदाचं पाणी आलं.

रेश्मा मात्र पांढरीफटक पडली. "बंद करा ती हलगी! अहो, हे जंतू जनावराच्या, माणसाच्या आतड्यात राहतात. खाण्यात ते निघाले म्हणजे कुठंतरी शेणाचा नाहीतर घाणेरड्या पाण्याचा हात लागलाय!"

हलगी थांबली. कोंडीबा पटकन म्हणाला, "त्यो चक्का माजा न्हवंच! मेव्हणीकडचा हाय!" आणि चपला हातात घेऊन पसार झाला.

"माझ्या श्रीखंडात... शेण?" शालूबाई उंबऱ्यावरच खाली बसल्या. "तीनदा हात धुते गं मी पोरी..."

साहेब उठले. "येतो, सुभेदार."

सुभेदारांनी बायकोचं तोंड बघितलं. सरहद्दीवर उभं राहायला छाती लागते, कबूल. पण भरल्या अंगणात पुढचं वाक्य बोलायला जी लागली, ती सुभेदारांना फौजेतही कधी लागली नव्हती.

"थांबा साहेब! शेण म्या घातलंय!"

"आबा?!"

"तिचा काय बी दोष न्हाई. सकाळी ताटली कोरी हुती. उगवंना म्हणून जीवामृत घातलं. चमचाभर."

मग शालूबाई पदर खोचून उठल्या. "आवं, फौजंत तुमच्या हातात बंदूक दिली कुणी वो?"

साहेब हसायला लागले ते पुन्हा खुर्चीतच कोसळले. रेश्मानं विचारलं, "सकाळी अगदी कोरी होती, आबा?"

"धुतलेल्या तव्यावानी. एक ठिपका न्हवता."

"अहो, कोरी म्हणजेच तर पास!"

"तरी पुन्हा करा," साहेब डोळे पुसत म्हणाले. "माझ्यासमोर. आणि कपाटाची किल्ली माझ्या खिशात!"

दुसऱ्या संध्याकाळी कपाट उघडलं. रेश्मानं ताटली उजेडात धरली. सगळ्यांनी वाकून, डोळे फाडून बघितलं. काही नाही! साहेबांनी शालूबाईंना हात जोडले. "मावशी, आमच्या लॅबकडे मीच पाठवतो. तिथंही असंच निघालं की सोमवारपासून रोज द्यायचं!" शनिवारी शिरवळहून फोन आला, तिथंही कोरंच निघालं. शालूबाई हसत होत्या की रडत होत्या, त्यांचं त्यांना कळेना.

जावळी तालुक्यात "काय बी उगवलं न्हाई!" असं दारोदार ओरडत कुणी शेतकऱ्यानं पेढे वाटल्याचं त्याआधी ऐकिवात नव्हतं. पेढे मात्र सुभेदारांना दुकानातून विकत आणावे लागले. घरात दूध चिक्कार होतं, पण शालूबाईंनी त्यांना दुधाच्या खोलीपासून दहा हात लांब उभं केलं होतं!