नदीकाठचा विक्रमी धावमार्ग

नियोजन म्हणजे काय, ते आमच्या अख्ख्या नगरपालिकेत एकट्या मलाच कळतं! हे मी नाही, माझं मन म्हणतं, आणि माझं मन माझ्याबद्दल सहसा खोटं बोलत नाही. म्हणून मोठ्या मॅडमनी, म्हणजे आमच्या मुख्याधिकाऱ्यांनी, मला पर्यटन शाखेत बोलावून घेतलं, तेव्हा मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य वाटलं ते बायकोला.

"तुम्हालाच बोलावलं? नीट ऐकलंत ना?" ती म्हणाली.

त्याआधी नऊ वर्षं मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार-खिडकीत बसत होतो. नळाला पाणी आलं नाही की लोक माझ्याकडे यायचे, जास्त आलं तरी माझ्याकडेच यायचे. गढूळ आलं तर बाटलीत भरून आणायचे आणि म्हणायचे, "आधी तुम्ही पिऊन दाखवा!" खिडकीला जाळी होती म्हणून मी आज तुमच्याशी बोलतोय. पर्यटन शाखेत मात्र खुर्ची फिरती होती, खिडकी उजेडाची होती, आणि खिडकीतून चक्क नदी दिसत होती! त्या खुर्चीसाठी मी वाटेल ते करायला तयार होतो. फक्त धावायला नाही.

आणि पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "आपल्याला धावमार्ग करायचाय!"

मॅडमचा बेत असा होता. आपल्या गावाला नदी आहे, जुना दगडी पूल आहे, पडका बुरूज आहे, पाणचक्की आहे. हे सगळं बघत बघत लोकांनी सकाळी धावावं. मार्ग फोनवरच्या धावपटूंच्या ॲपवर टाकायचा, म्हणजे फोनच बोलून वाट दाखवील. "पण मार्ग तुम्ही स्वतः धावून नोंदवायचा. जमलं तर ही खुर्ची तुमची. नाही जमलं तर तुमची ती खिडकी अजून रिकामीच आहे," मॅडम म्हणाल्या.

घरी आल्यावर मी सहज म्हणतोय असं दाखवत म्हणालो, "उद्यापासून मी धावणार आहे."

बायको हसली. सासरे हसले नाहीत, ते जास्त लागलं. सासरे म्हणजे आमच्याकडेच राहणारे, शाळेतले निवृत्त कवायत मास्तर. निम्म्या गावाला त्यांनी शिट्टीवर उठवलंय, बसवलंय आणि मैदानाला फेऱ्या मारायला लावल्यात. एका मजल्यासाठी लिफ्टची वाट बघणारा जावई त्यांच्या नशिबी आला, हे दुःख ते लग्नापासून मुकाट्याने सोसत होते. माझ्याशी थेट बोलायचेसुद्धा नाहीत. "त्यांना म्हणावं, पाठ सरळ ठेवून जेवा," असं बायकोला सांगायचे. मी समोरच बसलेला असायचो!

दुसऱ्या दिवशी उजाडताच धावायला निघालो. कोपऱ्यावरचं कुत्रं भुंकत माझ्या मागे लागलं, थोड्या वेळाने माझ्या बरोबरीने चालू लागलं, आणि मग कंटाळून पुढे निघून गेलं. पुलापर्यंत पोचलो तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. पुलाखाली होडीवाला होडीतलं पाणी उपसत बसला होता.

"साहेब, पाणी देऊ का? की डॉक्टरकडे सोडू?"

"चक्कीपर्यंत सोड," मी म्हणालो. आणि त्याच क्षणी माझ्यातला नियोजनकार जागा झाला! अरे, नदी जिथे जाते, तिथेच तिचा काठही जातो ना? मग काठावरून गेलं काय आणि पाण्यातून गेलं काय, मार्ग तोच! होडीत बसलो, फोनवर मार्गाची नोंद चालू केली, भुईमुगाच्या शेंगा सोलत पाय लांब केले. पूल, बुरूज, चक्की, सगळं झकास दिसलं. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले असतील तुम्ही, होडीतून धावणारा मी पहिलाच! त्यात आदल्या दिवशी धरणातून पाणी सोडलं होतं. होडी वल्ह्याविनाच सुसाट चालली होती.

चक्कीपाशी उतरलो आणि फोन ओरडला, "अभिनंदन! आपण या गावातले सर्वांत वेगवान धावपटू आहात!"

फोन मला एकट्याला बोलला असता तर गोष्ट वेगळी. त्याने ते सगळ्या गावाला कळवलं! कचेरीत पाऊल ठेवलं तर टाळ्या. शिपाई माझ्यासाठी दार धरून उभा. मॅडम म्हणाल्या, "वाटत नाही हो तुमच्याकडे बघून!" आणि सगळे मला 'वारा' म्हणू लागले.

घरी तर कहर! सासरे खुर्चीतून उठून उभे राहिले. लग्नातसुद्धा ते माझ्यासाठी उठले नव्हते. "जावईबापू," ते म्हणाले. मी मागे वळून बघितलं, दुसरा कुणी जावई आलाय की काय! "माणूस ओळखायला चुकलो मी. मैदानावर कधी चुकलो नाही, घरात चुकलो." त्यांचे डोळे भरून आले होते. मग त्यांनी कपाटातून आपले जपून ठेवलेले पांढरे बूट काढले आणि पुसायला घेतले. "उद्घाटनाला तुमच्या मागे धावणार आम्ही!"

तेव्हाच खरं सांगून टाकायला हवं होतं, कळतंय मला. पण एकीकडे ती फिरती खुर्ची, दुसरीकडे हे जावईबापू! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. रात्रभर मी छताकडे बघत पडलो. आपल्याला कुणी पहिल्यांदा मान द्यावा आणि तो खोटा असावा, याच्यासारखं वाईट नाही हो! उशीत तोंड खुपसून रडावंसं वाटत होतं.

उद्घाटनाच्या सकाळी मी पायाला भलंमोठं बँडेज गुंडाळलं आणि लंगडत पुलावर गेलो. सासऱ्यांनी पायाकडे बघितलं. माझी पाचावर धारण बसली! पोरांचं खोटं लंगडणं पकडण्यात या माणसाने हयात घालवली होती, दुरून चाल बघून निदान करायचे. पण ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सराव जास्त झाला तुमचा. काळजी नको, जावईबापू, तुमचा मार्ग मी नेतो." शोधून शोधून त्यांनी याच वेळी माझ्यावर विश्वास ठेवला!

शिट्टी वाजली. पुढे सासरे, मागे सगळा गाव. बहुतेक सगळे त्यांचे जुने विद्यार्थी. टक्कल पडलेले, पोट सुटलेले, पण शिट्टी ऐकताच पाठी ताठ! मॅडमसुद्धा त्यांच्याच शाळेतल्या, दुसऱ्या रांगेत अगदी पावलात पाऊल टाकून निघाल्या. मी सगळ्यांत मागे लंगडत होतो आणि मनात म्हणत होतो, निभावलं बुवा!

पूल उतरून सगळे काठाच्या वाटेला लागले. डाव्या हाताला नदी. आणि एकदम सगळ्यांचे फोन एका सुरात बोलले, "आपण मार्ग सोडला आहे. कृपया डावीकडे यावे."

माझ्या तोंडचं पाणी पळालं! मी होडीतून काढलेला मार्ग होता तिथेच होता. नदीच्या मधोमध!

"डावीकडे तर पाणी आहे, सर," मॅडम म्हणाल्या.

"जावईबापूंनी आखलाय," सासरे कडाडले. "ते वेड्यासारखा आखतील का? उथळ असणार. म्हणूनच तर त्यांचा दम वाढला! सूचना म्हणजे सूचना! डावीकडे... वळ!"

लहानपणी अंगात भिनलेली कवायत हो! कुणी विचार केला नाही. सगळी रांग डावीकडे वळली आणि दगडी पायऱ्या उतरून एक-दोन, एक-दोन करत नदीत शिरली.

"थांबा!" मी ओरडलो आणि धावलो. आयुष्यात पहिल्यांदा खरोखर धावलो! बँडेज सुटून मागे फरफटत होतं. पण काठाशी पोचेपर्यंत वेळ निघून गेली होती. पाणी फार नव्हतं, कमरेइतकंच, पण खाली चिखल असा, की पाय गेला की बूट ओढून काढायचा आणि प्रवाहाला देऊन टाकायचा. मॅडम एका हाताने पर्स डोक्यावर धरून उभ्या होत्या. सगळ्यांचे फोन पाण्यात बुडून गप्प झाले होते, एक सोडून. तो म्हणत होता, "छान! आपण योग्य मार्गावर आहात!"

तेवढ्यात बुरुजाआडून होडीवाला आला. मला बघून त्याने हात हलवला.

"काय साहेब, आज चालत? त्या दिवशी कसे शेंगा खात आरामात गेलो आपण चक्कीपर्यंत! आणि ही मंडळी का पाण्यात उतरलीत? मला बोलवायचं होतं की!"

सासऱ्यांनी शिट्टी तोंडातून काढली, तिच्यातलं पाणी झटकलं आणि खिशात ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते नुसते दमल्यासारखे दिसत होते. तेवढ्या क्षणात एकदम म्हातारे झाले होते.

मॅडम चिखलातून पाय उपसत वर आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहून एकच शब्द बोलल्या, "खिडकी."

सोमवारी मी जुन्या जागी बसलो होतो. मॅडमचा हुकूम निघाला होता, की धावमार्गाच्या सगळ्या तक्रारी पाणीपुरवठ्याच्या खिडकीत घ्याव्यात, कारण त्या पाण्याच्याच आहेत. रांग बाहेर रस्त्यावर गेली होती. कुणाचा फोन, कुणाचा चष्मा, कुणाची कवळी! जाळीआडून मी 'पुढचे', 'पुढचे' म्हणत होतो आणि मान वर करत नव्हतो.

मग जाळीखालच्या फटीतून एक पांढरा बूट आत आला. चिखल धुऊन, पुसून, नाडी नीट बांधलेला. मान वर केली तर सासरे. रांगेत त्यांचा नंबर येईपर्यंत ताठ उभे राहिले होते. आता बायको मध्ये नव्हती, बोलायचं तर माझ्याशीच बोलावं लागणार होतं.

मी कसंबसं विचारलं, "आणि... दुसरा?"

"तुमच्या मार्गावर आहे," सासरे म्हणाले. "तुमच्याच वेगाने गेला."