धोंड्याची जीन्स

ट्रॅक पँटला हात लावायचा नाही, असं धारूरच्या बाजारातल्या मैनुद्दीन टेलरनं ठरवलं त्याला दोन वर्षं झाली होती. त्याच्या दुकानात गिऱ्हाईक फिरकायचं बंद होऊनही तेवढाच काळ झाला होता.

सगळं गाव खेळाडूंचे कपडे घालून हिंडत होतं. खेळत कुणीच नव्हतं. सोसायटीचा चेअरमन ट्रॅक पँट घालून दिवसभर खुर्चीत बसायचा. मास्तर ट्रॅक पँटमध्ये झोपायचे, त्याच पँटमध्ये शाळेत यायचे आणि पुन्हा झोपायचे. मयतीला येणारी माणसंसुद्धा मांडीवर पांढरे पट्टे मिरवत येत, जणू खांदा देऊन झाला की पुढं शर्यतच लावायची होती.

मैनुद्दीनची मुलगी यास्मिन आयटीआयचा शिवणकामाचा कोर्स करून बापाशेजारी मशीनवर बसायची. ती म्हणाली, "अब्बा, जीन्सचा जमाना गेला. इलास्टिक लावायला शिका."

"इलास्टिक मान्साला खोटं बोलतं. जीन्स खोटं बोलत न्हाई."

"खोटं बोलतं, पन खपतं ना. ही सुंदररावची ऑर्डर म्हंजी शेवटची जीन्स. ही दुरुस्तीला परत आली, की मी ओव्हरलॉक मशीन आनते आन् तुमी ट्रॅक पँट शिवायला बसायचं."

"बसतो," मैनुद्दीन म्हणाला. "आधी परत तर यू दे. चाळीस वर्षात माजी एक पँट परत आलेली न्हाई."

सुंदररावांची ऑर्डर साधी होती. धोंड्याचा महिना लागला होता, तेलगावचे जावई अमरसिंह जेवायला येणार होते आणि त्यांना कपडे करायचे होते. तेही शिवूनच. बाजारातलं तयार दिलं तर सासऱ्याची काय इज्जत राहिली?

"माप?" मैनुद्दीननं विचारलं होतं.

"जावयाला माप इचारू का आता? म्हनतील, सासऱ्याला आपली कंबर बी ठाऊक न्हाई. लग्नात तूच शिवलीवती की. बघ तुज्या वहीत."

वहीत होतं. कंबर एकतीस. मैनुद्दीननं एकतीसची जीन्स शिवली. गडद निळं जाड कापड, नारंगी दोऱ्याची दुहेरी शिलाई आणि दात लागले तर दात पडावेत असं बटण.

लग्नाला तीन वर्षं झाली होती. अमरसिंहांचं भुसाराचं दुकान होतं आणि तीन वर्षं ते गल्ल्यावर ट्रॅक पँटमध्ये बसून होते. जेवणाला आले तेही ट्रॅक पँटमध्येच. सासऱ्यानं कुंकू लावून कपडे हातात दिले. नवे कपडे अंगावर घालूनच पाटावर बसायचं, ही त्या घरची रीत. जावई आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

"पाव्हनं निजले का काय?" सासू बायनाबाईंनी विचारलं.

अमरसिंह बाहेर आले ते तोंड मिटून, श्वास धरून. बटण लागलं होतं. कसं लागलं, ते त्यांनाच ठाऊक.

"बसा, जावईबापू."

"मी उभ्यानंच जेवतो, मामा."

"कावून?"

"आसंच. बरं वाटतं."

सुंदरराव बायकोकडं बघायला लागले. बायनाबाई कुजबुजल्या, "रुसलेत. कायतरी पायजे आसंल." लगेच सुंदररावांनी अंगठीचं कबूल केलं. जावई उभेच. सुंदरराव अंगठीवरनं मोटारसायकलीवर आले. जावयाच्या डोळ्यांत पाणी आलं. बायनाबाईंना वाटलं, मन भरून आलंय.

त्यांच्या लेकीला, विजयमालेला मात्र नवरा कधी रुसतो आणि कधी अडकतो हे कळत होतं. ती जवळ गेली. "काय झालंय?"

"आवळलंय."

"मग बटन सोडा की."

"सुटंना."

मोटारसायकल फुकट घेतल्याचं पाप नको म्हणून शेवटी अमरसिंह पाटावर बसले. म्हणजे वाकले, थांबले आणि पोतं टेकवावं तसे टेकले. जीन्सचा एक टाका हलला नाही. पुरणाचा दीड धोंडा कसाबसा खाल्ला. मग उठायला गेले तर उठता येईना. सुंदररावांनी मैनुद्दीनला बोलावणं धाडलं.

मैनुद्दीननं आल्या आल्या शिलाई तपासली, माणूस नंतर.

"मैनूभाई, काप ती," सुंदरराव म्हणाले.

"कापनार न्हाई. पँट बराबर हाय. मानूस चुकलाय."

"आरं, जावई हायेत ते माजे."

"मग तर कापनारच न्हाई. उद्या गाव म्हनंल, मैनुद्दीनला माप जमंना." त्यानं जावयाला कुशीवर कलंडवलं, मग उताणं पाडलं. "सोडा श्वास. आजून सोडा. आता घेऊ नका." आणि दोन्ही अंगठ्यांनी बटण सोडवलं.

अमरसिंह आढ्याकडं बघत पडून राहिले. "चाचा, मला वाटायचं मी लग्नात व्हतो तेवढाच हाय."

"तुमाला सांगनार कोन? तुमची ती पट्ट्याची पँट तर तोंड उघडत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी विजयमाला जीन्स घेऊन दुकानात आली. यास्मिननं बापाकडं पाहिलं, फोन काढला आणि ओव्हरलॉक मशीनचा फोटो उघडला. मैनुद्दीननं मान खाली घातली.

"ढिली करायची ना, ताई?" यास्मिननं विचारलं.

"कशाला? ह्याच मापाची आजून एक शिवा, चाचा. दिवाळीला लागंल."

"आगं पोरी, बसत न्हाई ती त्येंना."

"बसंल. आजपसून किल्ल्याच्या चढाला पळायला सोडलंय त्येंना. कंबर एकतीस झाल्याबिगर मला तेलगावला न्यायचं न्हाई म्हनलंय."

तेवढ्यात अमरसिंह स्वतःच आले. धापा टाकत, दोन्ही हात मागं धरून. पहिल्याच चढाला ट्रॅक पँट बसकणीत वीतभर फाटली होती.

"पळायची म्हनून घेतलीवती, चाचा," ते म्हणाले. "शिवता का?"

यास्मिन दातांत दोरा धरून बापाकडं बघत राहिली. दोन वर्षं पाळलेली गोष्ट समोर फाटून उभी होती.

मैनुद्दीननं जावयाला पडद्यामागं पाठवलं. पँट चिमटीत धरली, मेलेला उंदीर धरतात तशी. मग कातरणातला जीन्सचा तळहाताएवढा तुकडा घेतला, फाटलेल्या जागी लावला आणि नारंगी दोऱ्यानं चारी बाजूंनी दुहेरी शिलाई मारली.

"घ्या. आता पळा."

अमरसिंह पुन्हा किल्ल्याच्या दिशेनं निघाले. भर बाजारातनं त्यांच्या मागचा निळा चौकोन खाली-वर होत लांब जात होता. पानटपरीवरची चार ट्रॅक पँटवाली माणसं उभी राहून बघायला लागली.

यास्मिन म्हणाली, "लावला ना शेवटी ट्रॅक पँटला हात?"

"ती तर फाटली," मैनुद्दीन म्हणाला. "नीट बघ. पळतीय ती जीन्स."