मन्मथअप्पांचं हवेशीर बॉनेट

मन्मथअप्पांसमोर ‘लई’ हा शब्द वापरू नये. वापरला की ते हातातलं काम बाजूला ठेवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि शांतपणे विचारतात, “लई म्हंजी किती?”

ऊन लई हाय म्हणा, गर्दी लई हाय म्हणा, प्रश्न ठरलेला. गल्लीतल्या एका म्हाताऱ्याच्या तेराव्याला त्याचा थोरला मुलगा अप्पांच्या गळ्यात पडून म्हणाला, “लई पोरकं वाटतंय हो, अप्पा.” अप्पांनी त्याची पाठ थोपटत थोपटत विचारलंच. तो रडायचा थांबला आणि खरोखरच विचार करायला लागला.

तरुणपणी अप्पा एकदाच मुलगी बघायला गेले होते. मुलीचे मामा म्हणाले, “पोरगी लई गुणी हाय.” यांनी विचारलं. मामांनी पोह्यांची बशी उचलून आत नेली. त्यानंतर अप्पांनी लग्नाचा विषय काढला नाही, आणि त्यांच्यासाठी तो कुणी काढलाही नाही.

माजलगावच्या बाजारपेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. शेजारी माझं झेरॉक्स आणि फोटोचं. मधली भिंत एकच, त्यामुळे तिकडं तांब्या पडला की इकडं माझा फोटो हलतो. अप्पा बासष्ट वर्षांचे, काटकुळे, कपाळावर विभूती, अंगात पांढरा सदरा आणि कंबरेला बंदूक. बंदूक म्हणजे कोरोनाच्या काळात दुकानाच्या दारात कपाळाला लावायचे ना, ती ताप मोजायची. रोग ओसरल्यावर सगळ्यांनी आपापल्या बंदुका माळ्यावर टाकल्या. अप्पांनी आपली पट्ट्यात खोचली. पुढं ती माणसापुरतीच आहे हे लक्षात आल्यावर कारखान्यात वापरतात तसली मोठी मागवली. तेव्हापासून ते चहाचा कप, दुकानाचं शटर, बसायचा दगड, सगळ्यावर बंदूक रोखून आकडा सांगतात. “एक्केचाळीस. बसा.”

अशा माणसानं एक दिवस गेवराईहून लाल स्पोर्ट कार आणली.

गेवराईच्या एका गॅरेजवाल्याच्या मुलीचं लग्न होतं. अप्पा तिकडं संसाराची सगळी भांडी पोचवायला गेले आणि येताना टोचन लावून मोटार ओढत घेऊन आले. जुन्या साड्यांवर भांडी घेतात हे आम्हाला माहीत होतं. भांड्यांवर मोटार घेतलेली आम्ही पहिल्यांदाच बघितली. दोन दरवाजे, दोन सीट, कापडी टप, उंची माझ्या कंबरेइतकी. परदेशातली, माझ्या जन्माच्याही आधीची. कुणी शौकीन संभाजीनगरकडून सोलापूरला चालला होता म्हणे. हायवेवर ती बंद पडली, त्यानं ती गॅरेजला लावली आणि तो परत आलाच नाही.

“अप्पा, ही काहून घेतली?” मी विचारलं.

“चांगली हाय.”

मोटारीला सगळं होतं, फक्त बॉनेट नव्हतं. गॅरेजात काम करणाऱ्या कुणीतरी ते कधीच आपल्या तेलगावच्या आत्याला नेऊन दिलं होतं. अप्पांनी महिनाभर खपून इंजिन चालू केलं आणि बॉनेटच्या जागी लग्नाच्या स्वयंपाकाची मोठी परात उपडी घालून तारेनं बांधली. गाडी बाजारातून निघाली की लोक जेवायला बोलावल्यासारखे मागं यायचे. पण परातीखाली इंजिनाला हवा मिळेना. दहा किलोमीटरवर सुई लाल रेघेच्या पार जायची. अप्पा उतरून परातीवर बंदूक रोखायचे. “ब्याण्णव.” मग झाडाखाली बसून राहायचे.

शेवटी त्यांनी ठरवलं की बॉनेट नवंच करायचं. फायबरचं, हलकं, आणि गरम हवा बाहेर जायला वर दोन्हीकडं माशाच्या कल्ल्यासारख्या फटी असलेलं. फायबरचं काम माजलगावात एकच माणूस करतो, सलीमभाई. कूलरचे डबे, शाळेच्या घसरगुंड्या आणि बागेत कचऱ्यासाठी ठेवायचे ते तोंड उघडलेले पेंग्विन.

“अप्पा, म्या पेंग्विन करतो,” सलीमभाई म्हणाले. “मोटारीचं कदी केलं न्हाई. पन करू. फक्त साचा घ्यायला जुनं बॉनेट पायजे. त्याच्याबिगर आकार कुठून आनू?”

म्हणून आम्ही तिघं सलीमभाईंच्या टेम्पोतून तेलगावला गेलो. त्या आत्याचं नाव गयाबाई. सत्तरीच्या पुढची, गावाच्या कडेला एकटी राहणारी. मुलगा-सून चाकणला कंपनीत. तिच्या अंगणात दगडांच्या चार बुटक्या भिंतींवर आमचं बॉनेट पालथं पडलेलं होतं. ते आता कोंबड्यांचं खुराडं होतं.

“ते बॉनेट आमचं हाय,” अप्पा म्हणाले.

“असंल,” गयाबाई म्हणाली. “आता कोंबड्यांचं हाय.”

“बदल्यात नवा पत्रा देतो.”

“आत दोन खुडूक बसल्यात. एकवीस दिस कुनी हात लावायचा न्हाई.”

खुडूक म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी. ती जागची हलत नाही, आणि कुणी हलवलं तर विसरत नाही.

“आन एकवीस दिसांनी?”

“तवर दुसऱ्या बसत्यात.”

अप्पांना आकड्यांत उत्तर मिळालं होतं, त्यामुळे त्यांना वाद घालता येईना. मग सलीमभाईंनीच मार्ग काढला. बॉनेट जागेवरच राहू द्यायचं, वरून मेण लावायचं, त्यावर रेझिन आणि फायबरची मॅट चढवून तिथंच साचा घ्यायचा. गयाबाईनं अट घातली की ती स्वतः शेजारी बसणार, आणि कोंबडी ओरडली की काम बंद.

दिवस एप्रिलचे. रेझिन घट्ट व्हायला त्यात हार्डनर किती घालायचा यावरून पहिल्याच दिवशी ठिणगी पडली. सलीमभाई डब्यातून टोपणानं ओतणार, तेवढ्यात अप्पांनी हात धरला.

“किती?”

“अंदाजानं.”

“अंदाज नगं. डब्यावर लिवलंय तेवढं घाला.”

सलीमभाई डबा अप्पांच्या हातात देऊन बाजूला झाले. अप्पांनी माप बघून, थेंब मोजून हार्डनर घातला. त्या उन्हात दोन मिनिटांत प्लास्टिकचा मग धुमसायला लागला, आतलं रेझिन दगड झालं आणि ब्रश त्यात उभाच्या उभा रुतला. अप्पांनी बंदूक रोखली. एकशे बारा.

“डब्यावर लिवनारा तेलगावला आलता का कदी?” सलीमभाईंनी विचारलं.

गयाबाई तोंडाला पदर लावून हसली. अप्पांनी ब्रश ओढून बघितला, तो हलेना. मग उठून खुराड्याकडं गेले. बॉनेटवर बंदूक धरली, अठ्ठावन्न. तिथंच पालथे पडले आणि दारातून बंदुकीचा हात आत घालून आतलं मोजायला लागले. खुडकीनं मनगटावर चोच मारली. अप्पांनी हात काढला नाही.

“आत चव्वेचाळीस हाय,” ते म्हणाले.

“असनारच,” गयाबाई म्हणाली. “मी वर ओलं पोतं टाकते. वाळतंय लगेच.”

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पहाटेच जायला लागलो. पत्रा गार असताना सलीमभाई अंदाजानं हार्डनर घालायचे आणि अप्पा तोंड दुसरीकडं करायचे. गयाबाई भाकरी करून द्यायची आणि अप्पांवर ओरडायची. “ए भांडेवाल्या, टोपी घाल. डोकं बघ कसं तापलंय.” अप्पांना अशा आवाजात बोलणारं माणूस मी तोवर बघितलं नव्हतं. त्याहून नवल म्हणजे ते निमूटपणे टोपी घालायचे.

तिसऱ्या दिवशी साचा निघाला. उलटा करून बघितला तर आत कोपऱ्यात तीन बोटांचे चार ठसे. मेण ओलं असताना एक कोंबडी त्यावरून चालत गेली होती.

“घासून टाकतो,” सलीमभाई म्हणाले.

“राहू द्या,” अप्पा म्हणाले. मला वाटलं, थकलेत.

पुढचे तीन आठवडे फटींचे. अप्पा पुठ्ठ्याचे कल्ले कापायचे, मी त्यांचे लहान-मोठे झेरॉक्स काढून द्यायचो. गरम हवा नेमकी कुठून वर येते हे बघायला त्यांनी चालू इंजिनाभोवती अगरबत्त्या लावल्या. लोकांना वाटलं गाडीची पूजा चाललीय. एकानं नारळ आणला, तर अप्पांनी तो फोडून, खोबरं सगळ्यांना वाटून, पुन्हा पुठ्ठा कापायला घेतला. कल्ले मागं झुकलेले हवेत, नाहीतर पाऊस आत जाईल. किती अंशांत झुकवायचे यावर सलीमभाई आणि अप्पा दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. माझं दुकान दोघांच्या मधे असल्यामुळे निरोप मीच पोचवले.

मेच्या मध्यावर बॉनेट तयार झालं. लाल, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना पाच-पाच कल्ले, कोपऱ्यात कोंबडीची पावलं. अप्पांनी भर दुपारी गाडी काढली, शेजारी मला बसवलं. वीस किलोमीटर गेलो तरी सुई निम्म्याच्या वर गेली नाही. कल्ल्यांतून गरम हवा थरथरत बाहेर पडताना दिसत होती. अप्पा हसले. मी सांगतोय म्हणून विश्वास ठेवा, पुरावा नाही.

“तेलगाव आलंच हाय,” ते म्हणाले. “बाईला दाखवू.”

गयाबाई खुराड्यापाशी उकिडवी बसली होती. समोर दोन कोंबड्या मरून पडल्या होत्या. पोतं वाळून कडक झालं होतं.

“उन्हानं गेल्या,” ती म्हणाली. “पानी पाजलं. पन आत हवाच न्हाई.”

 अप्पांनी बंदूक काढली नाही. तिनं आमच्या गाडीकडं बघितलं आणि म्हणाली, “चांगलं झालंय की. भोकं बरी ठेवलीस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दुकानात आले. “पाने-पक्कड घ्या आन चला. सलीमभाई टेम्पो घेऊन यायलेत.”

तेलगावला पोचल्यावर त्यांनी गाडीचं बॉनेट खोलायला सुरुवात केली, तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

“अप्पा, एवढं कष्टानं केलेलं. गाडी तापंल की.”

“गाडी तापली तर मी बंद करतो,” अप्पा नट सोडवत म्हणाले. “कोंबडीला बंद कसं करनार?”

 सलीमभाई टेम्पोच्या चाकाला टेकून हातावरची फायबरची खाज खाजवत राहिले. त्या दिवशी खुडूक नव्हती, म्हणून गयाबाईनं हात लावू दिला. जुनं लोखंडी बॉनेट उतरलं, कल्ल्यांचं चढलं. अप्पांनी आतलं मोजलं, पण आकडा आम्हाला सांगितला नाही, तिला सांगितला. तिला आकड्यातलं काही कळत नव्हतं. ती म्हणाली, “बरं झालं, लेकरा.” अप्पा उठून गाडीच्या पलीकडं गेले आणि काही कारण नसताना टायर तपासायला लागले.

जुनं बॉनेट गाडीला चपखल बसलं. त्याचंच ते. पण त्याला फटी नव्हत्या. त्यामुळे आता गाडी माजलगावहून निघाली की बरोबर तेलगावच्या अलीकडं तापते. मग अप्पांना थांबावं लागतं. इंजिन गार व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढा वेळ गयाबाईच्या बाजेवर. गाडी आधी आठवड्यातून एकदा तापायची. पावसाळ्यात दोनदा तापायला लागली.

दिवाळीत सलीमभाई फराळाला आले होते. म्हणाले, “अप्पा, साचा माझ्याकडं तसाच पडलाय. चार दिसांत दुसरं बॉनेट काढून देतो. तसंच, कल्ल्यांचं.”

“बघू,” अप्पा म्हणाले. “घाई काय हाय.”

पौषात एकदा मला धारूरला जायचं होतं. अप्पा म्हणाले, चला, सोडतो. चांगलीच थंडी होती, टपाच्या फटीतून वारा येत होता आणि मी मफलर गुंडाळून बसलो होतो. तेलगावच्या अलीकडं अप्पांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

“तापली,” ते म्हणाले.

मी सुईकडं बघितलं. ती निम्म्याच्याही खाली होती. आम्ही उतरून चालत गेलो.

गयाबाईनं बाजेवर वाकळ टाकून ठेवली होती आणि चहाचं आधण चुलीवर होतं. तीन पिल्लं कल्ल्यांखालून बाहेर आली.

“आज उशीर केलास,” ती म्हणाली.

“गाडी सावकाश तापली,” अप्पा म्हणाले, आणि टोपी सारखी करून बाजेवर बसले.